हारून जॉबर आणि माझा जळफळाट

हारून जॉबर माणूस कसा आहे, हे भिवंडीत कुणालाही विचारा, फक्त मला विचारू नका. मी त्याच्यावर जळतो. आता उघड सांगतो, कारण लपवायचं तेवढं लपवून झालं आणि त्यातून जे व्हायचं ते होऊन बसलं. पण जळका माणूस खोटंच बोलतो असं समजू नका. ज्याच्यावर जळतो त्याची एकेक गोष्ट त्याला पाठ असते.

हारून साठीला आलाय. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, टेमघरला त्यांची शेड, शेडमध्ये बारा लूम, म्हणजे यंत्रमाग. मालकाचा पोरगा म्हटल्यावर गादीवर बसून कापडाचे ताके मोजावेत की नाही? हा पाना घेऊन लूमखाली शिरायचा. लूमच्या मिस्त्रीला आमच्याकडे जॉबर म्हणतात. पगारी जॉबर असताना हा स्वतःच तेलात हात घालायचा, म्हणून लोकांनी त्याला शेठ म्हणायचं सोडलं आणि जॉबर म्हणायला लागले. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट पाटीवर तेच नाव लावलं.

पुढे धंदा बसला, भाऊ वेगळे झाले आणि बाराच्या बारा लूम भंगारात गेले. टेम्पोत चढवताना म्हणे हा भंगारवाल्याला सांगत होता, "हळू रे, तिचा गिअर अजून चांगला हाय." लोक हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला विचाराल तर नुसतं नाटक. विकलंय ना एकदा? मग हळू काय आणि जोरात काय?

शेड रिकामी झाली तेव्हा लूमच्या ऑफिसातला एक कॉम्प्युटर तेवढा उरला होता. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसानं तो उघडला. बिघडवला, परत जोडला. बघता बघता त्यानं तिथंच दुकान मांडलं. दहा-बारा वर्षांचे म्हातारे लॅपटॉप, जे कंपनीवाले हातात घेत नाहीत, ते हा घेतो. आतलं कापसाचं सूत आणि धूळ उपसून काढतो, विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो आणि चालू करून देतो.

"फुकटचं सॉफ्टवेअर टाकता म्हणे," मी एकदा टोमणा मारला.

"फुकट हाय, पण म्हणून नाय टाकत केसरीनाथशेठ," तो म्हणाला. "उघडं हाय म्हणून टाकतो. आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं."

आणि त्याचा नियम ठाऊक आहे? मशीन ठेवून जायचं नाही. दुरुस्ती होईपर्यंत मालकानं समोर स्टुलावर बसायचं आणि बघायचं. शेवटचा स्क्रू मालकानंच फिरवायचा. अरे, लोकांना कामधंदे नाहीत का? पण लोक बसतात. चहा पितात, बघतात आणि जाताना शहाणे झाल्यासारखे चालतात.

आता माझं सांगतो. मी केसरीनाथ, कोन गावचा. रस्त्याला लागून आमची भातशेती होती. आज तिच्यावर गोडाऊन उभी आहेत. भाडं येतं, घर तीन मजली आहे, दारात मोठी गाडी आहे. हातानं करायचं म्हणून काही काम राहिलं नाही. बापाबरोबर भारे बांधलेले हे हात आता चेकवर सही करतात. वाईट काही नाही त्यात. पण दिवस मोठा वाटतो.

माझी मुलगी उन्नती, एकुलती एक. लहानपणी सायकलची चेन पडली तरी शेजारच्या पोरांना हात लावू द्यायची नाही. "थांबा, पप्पा येऊ देत," म्हणायची. चेन बसवून होईपर्यंत माझ्या खांद्याला टेकून उभी राहायची. मला वाटायचं, हे असंच चालणार. मग ती कॉम्प्युटर डिप्लोमाला गेली. कुणीतरी तिला हारूनच्या दुकानाचा पत्ता दिला आणि माझं घर फिरलं. जेवताना "हारूनचाचा म्हणतात". गाडीत "हारूनचाचा म्हणतात". एकदा आमटी पातळ झाली म्हणून तिची आई, पार्वती, एकदम मीठ, मसाला आणि पीठ घालायला लागली, तर ही म्हणते, "आई, हारूनचाचा म्हणतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही." माझ्या घरातल्या आमटीत हारून! मी ताटावरून उठलो.

हिंदू-मुसलमान असलं काही मनात आणू नका. आमच्या हळदीला त्याचं घर जेवून जातं, त्यांच्या ईदला आम्ही. माझं दुखणं वेगळं होतं. माझी पोर दुसऱ्याकडे वर मान करून बघत होती, तशी ती आधी फक्त माझ्याकडे बघायची.

तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, हारूननंच तयार करून दिलेला. बारा वर्षांचा. त्याचं वायफाय रडकं. राऊटर तळमजल्यावर, हिची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि आजूबाजूला गोडाऊनवाल्यांच्या वायफायची नुसती गर्दी. दर दहा मिनिटांनी तुटायचं. मला संधी दिसली. गुपचूप जाऊन नवा लॅपटॉप घेऊन आलो, दुकानातला सगळ्यात भारीतला. खोका तिच्यापुढे ठेवला.

तिनं खोक्यावर हात फिरवला. "मस्त आहे पप्पा. पण परत करता येईल का? माझ्यात फक्त वायफाय कार्ड बदलायचंय. हारूनचाचांनी शोधलंय एक."

मी "बघतो" म्हणालो आणि खोका माझ्या कपाटात ठेवून दिला.

आता हे कार्ड इतकं महत्त्वाचं का, ते ऐका. अंबाडीच्या बाजूला एक शाळा आहे. तिथं चाळीस जुने लॅपटॉप कुणीतरी दान दिलेले, बंद पडलेले. ते सगळे चालू करायचं काम हारूनकडे आलं होतं आणि त्यानं मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, "हे काम उन्नती करेल. एकटी. मी हमी घेतो." तिचं पहिलं स्वतःचं काम. शनिवारी अकरा वाजता ती बाईंना व्हिडीओ कॉलवर दाखवणार होती की जुना लॅपटॉप किती चांगला चालतो. दाखवायला नमुना कुठला? हाच, बारा वर्षांचा. पोरगी आठवडाभर हवेत होती.

बुधवारी ती कार्ड बसवायला निघाली तेव्हा मी पण गाडी काढली. "तुमी कशाला मधी मधी?" पार्वती म्हणाली. मी म्हटलं, पेट्रोल माझं आहे. तिथं हारूननं मला स्टूल दिलं आणि उन्नतीला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मी स्टुलावर बसलो आणि त्या खुर्चीकडे बघत राहिलो.

गंमत अशी की या लॅपटॉपला कुठलंही कार्ड चालत नाही. कंपनीनं आत एक यादी घालून ठेवलेली असते. यादीतलं कार्ड नसेल तर मशीन चालूच होत नाही, पडद्यावर सरळ लिहून येतं की हे कार्ड आम्हाला मान्य नाही. एक नवं कोरं कार्ड त्यांनी आधी लावून बघितलं होतं, ते नाकारलं गेलं. मग हारून तीन रविवार कल्याणच्या भंगारवाल्यांकडे फिरला आणि यादीतल्या नंबरचं कार्ड एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढून आणलं. साठीचा माणूस, गुडघे दुखतात, आणि तीन रविवार. माझ्या पोरीसाठी! ते मी करायला पाहिजे होतं. पण मला यादीच माहीत नव्हती, तर करणार काय, कपाळ?

उन्नतीनं बॅटरी काढली. लॅपटॉप पालथा घातला, दोन स्क्रू काढले, खालचं झाकण उघडलं. आत काडेपेटीएवढं हिरवं कार्ड, त्यावर दोन वायरी, एक काळी, एक पांढरी. या वायरी पडद्याच्या कडेनं वर जातात, त्यांच्यातूनच सिग्नल येतो. वायरीच्या टोकाला मोहरीएवढी पितळी टोपी असते, ती कार्डावर दाबून बसवायची. तिनं जुनं कार्ड काढलं, नवं खोचलं, एकेक टोपी बोटानं दाबली. टक्. टक्. हारूननं हात लावला नाही. फक्त शेवटी खिशातून लूमच्या सुताचा तुकडा काढला, दोन्ही वायरींना वेढे दिले आणि जॉबर लोक तुटलेला धागा सांधताना मारतात तशी इवलीशी गाठ मारली.

"ह्ये कशाला?" मी विचारलं.

"भिवंडीत जमीनच हलते शेठ. बाजूला लूम चालू असला की नटसुद्धा आपोआप फिरतो. बांधलेलं बरं."

मशीन चालू झालं. वेगळं काही घालायला लागलं नाही, लिनक्सनं कार्ड ओळखलं आणि सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या. उन्नती ओरडली, "चाचा!" मी बाजूलाच बसलो होतो, हातभर अंतरावर. तिनं माझ्याकडे वळून बघायला चार सेकंद घेतले. मी मोजले.

शुक्रवारी पार्वतीच्या बहिणीकडे हळद होती. आमच्या आगरी हळदी म्हणजे सकाळपर्यंत. मायलेकी दुपारी निघाल्या. मी कंबर धरली आणि म्हटलं, तुम्ही जा. शुक्रवार, लूमना सुट्टी, सगळीकडे सामसूम. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि शेजारी हारूननं दिलेला छोट्या स्क्रूड्रायव्हरचा संच.

माझा हिशेब सोपा होता. शनिवारी सकाळी ती परत येईल, लॅपटॉप लावून बघेल, वायफाय चालणार नाही. घाबरी होऊन माझ्याकडे येईल आणि मी कपाटातून नवा काढून देईन. नुकसान कुणाचंच नाही. फक्त हारूनची जिरेल. मी बॅटरी काढली. दोन स्क्रू काढले. सूत सोडलं. नखानं पितळी टोप्या हळूच उचलल्या, काळी, मग पांढरी. बोटं कशी कोण जाणे बरोबर चालली. सगळं आधीसारखं दिसावं म्हणून वायरींना परत सूत गुंडाळलं, बांधलं आणि झाकण, बॅटरी लावून टाकली. खाली येऊन मस्त झोपलो. हो, झोप लागली. खोटं कशाला सांगू?

पण हळदीहून गाडी उशिरा सुटली. दोघी घरी पोचल्या तेव्हा पावणेअकरा झाले होते. उन्नती तशीच वर धावली, तोंडावर पाणी मारलं आणि थेट कॉलला बसली. तपासायला वेळच नव्हता. मी जिन्यात उभा. वायरींशिवायही कार्डाला क्षणभर पुसट सिग्नल मिळाला असावा, कारण एक मिनिटानं तिचा आवाज आला, "हॅलो मॅडम? ऐकू येतंय का? मॅडम?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

मी कपाटाकडे धावलो, खोका घेऊन तीन मजले चढलो आणि धापा टाकत आत शिरलो. "हे घे बाळा! हा घे!" घाईत खोका फाडला आणि लॅपटॉप चालू केला. त्यानं विचारलं भाषा कुठली. मग देश कुठला. मग खातं उघडा म्हणाला. मग पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका, सात टक्के. मी तिथं उभा राहून सात टक्क्यांकडे बघत होतो.

उन्नतीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं फोनवरून बाईंना दहा मिनिटं मागितली, लॅपटॉप पालथा घातला आणि झाकण उघडलं. वायरी मोकळ्या होत्या. ती टोप्या दाबायला गेली आणि थांबली. तिनं सुताचं टोक दोन बोटांत धरलं.

तेव्हा मी पण बघितलं. गाठ नव्हतीच. आम्ही भाताचा भारा बांधतो तेव्हा बंधाला गाठ मारत नाही, दोन पीळ देतो आणि शेपूट आत खोचतो. माझ्या बापानं मला तसं शिकवलं. माझ्या घरात पिशवी, पडदा, गोणी, सगळं तसंच बांधलं जातं, आणि शाळेत जाताना या पोरीच्या वेण्यांच्या रिबिनी मीच तशा बांधायचो. हारूनच्या सुताला मी तोच पीळ दिला होता. डोक्यानं लबाडी केली, पण हातांना तेवढी कुठली अक्कल?

तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. टोप्या बसवल्या, टक्, टक्, झाकण लावलं, मशीन चालू केलं. मग उठून दार लावून घेतलं. मी दाराबाहेर, हातात फाटलेला खोका.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली. तेच तर वाईट होतं. "पप्पा, मीठ द्या." "पप्पा, गाडी पुढे घ्या." पार्वतीला काहीच कळलं नाही. आदळआपट केली असती तर मी पण दोन शब्द बोललो असतो, मोकळा झालो असतो.

मंगळवारी मी टेमघरला गेलो. कशाला, ते मलाच माहीत नव्हतं. शेडच्या दारापाशी पोचलो आणि आतून हारूनचा आवाज ऐकला. वर चढलेला. हा माणूस आवाज चढवतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बाईंचा फोन आला मला. भर कॉलमध्ये वायफाय गेलं! माझ्यासमोर लावलेली टोपी अशी कशी निघाली?"

"मी उघडलं होतं चाचा," उन्नती म्हणाली. "आदल्या दिवशी. परत नीट बसली नसेल."

"चालू मशीन उघडलंस? कामाच्या आदल्या दिवशी? कशाला?"

आतून फक्त स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"नाय बेटा," हारून म्हणाला. आता आवाज खाली आला होता आणि ते जास्त वाईट वाटत होतं. "चाळीस मशीन हायेत, पोरांची. माझा शब्द गेलाय. शाळेचं काम मीच बघतो."

आता ऐका, मी किती हलका माणूस आहे ते. मला आनंद झाला. दारामागे उभा राहून मला आनंद झाला. तुटलं एकदाचं! आता माझी पोर घरी येईल. मनात अक्षरशः लाडू फुटला.

मग मी आत डोकावलो. उन्नती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, मान खाली. तिनं मला बघितलं. हारूनची पाठ माझ्याकडे होती. तिनं नुसतं बोट उचलून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तिनं मान परत खाली घातली. बापाचं नाव जाऊ नये म्हणून ती तिचं पहिलं काम सोडून देत होती.

मी चपला न काढताच आत गेलो.

"हारूनभाई, त्या वायरी मी काढल्या."

तो वळला. "काय?"

"शुक्रवारी. मुद्दाम. तिचा काही संबंध नाय. तुमचं काम फसावं म्हणून काढल्या. माझ्या पोटात दुखतं तुमच्यामुळं. दीड वर्ष दुखतंय."

मला वाटलं, शिवी देईल. द्यावी असं वाटत होतं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"दोन्ही काढल्या?"

"दोन्ही."

त्यानं उन्नतीकडे बघितलं. "शाळेत उद्यापासून जा. चाळीसच्या चाळीस तुझ्याच." मग मला म्हणाला, "शेठ, आता तुमी जा." चढ्या आवाजात नाही, साधंच. दीड वर्षात त्यानं मला बसायला सांगितलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

मी बाहेर आलो. गाडीपाशी पोचलो तेवढ्यात मागून पावलं वाजली. उन्नती. मी वळलो. माफ करील असं वाटलं नव्हतं, पण रडेल, भांडेल, काहीतरी करील असं वाटलं होतं. तिचे डोळे कोरडे होते.

"पप्पा, त्या टोप्या काढताना काही तुटलं नाही, माहितेय? मी पहिल्यांदा काढली तेव्हा वायरच उपटून आली होती. चाचांच्या पण दोन तुटल्यात. कुणाचीच पहिली धड निघत नाही." ती माझ्या बोटांकडे बघत होती, अगदी नीट, कित्येक महिन्यांनी. "कुणी शिकवलं नाही, काही नाही. काय हात आहे हो तुमचा."

आणि ती परत आत गेली.